जुन्या लादीवर व्हिनाइल: आधी खालची फरशी तयार करा

व्हिनाइल, म्हणजे फरशीवर अंथरायचं प्लास्टिकचं आच्छादन, टाकून काही महिने झाले की काही घरांत मोझॅकच्या चौकटी वर उमटायला लागतात, पट्ट्यांचे सांधे उघडतात, कपाटाखालून कुबट वास येतो. बोल लागतो दुकानदाराला, पण दोष सहसा खालच्या फरशीत असतो. दोन मिलिमीटर जाडीचं व्हिनाइल खालचं काही लपवत नाही. खिडकीतून तिरका उजेड आला की खालची प्रत्येक उंची-खोली ते दाखवून देतं. एका खोलीत व्हिनाइल अंथरायला एक दिवस पुरतो. त्याखालची तयारी तीन-चार दिवस खाते आणि ओल निघाली तर काही आठवडेही लागतात. सामानाची हलवाहलव, कारागिरांच्या तारखा आणि खर्च हे सगळं याच हिशेबाने ठरवा.

इथे महाराष्ट्रातल्या घरांत सापडणाऱ्या फरश्या धरल्या आहेत: मोझॅक, शहाबादी, कोटा, विट्रिफाइड आणि सिमेंटचा कोबा.

चिकटवायचं की तरंगतं?

रोलमधून येणारं शीट आणि एलव्हीटीच्या (लक्झरी व्हिनाइल टाइल) २ ते ३ मिमी जाड पट्ट्या सहसा फरशीला चिकटवतात. एसपीसीच्या (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकचा कडक गाभा असलेलं व्हिनाइल) ४ ते ६ मिमी जाड पट्ट्या एकमेकींत क्लिक होऊन बसतात आणि फरशीवर मोकळ्याच राहतात. दोन्हींची खालच्या फरशीकडून मागणी वेगळी असते.

चिकटवायचं व्हिनाइल फरशीचा हलका चढ-उतार बिनतक्रार घेतं, पण बारीकसारीक खड्डा, सांधा, वाळूचा कण वर उमटवतं. शिवाय गोंदाला ओल आणि मेण अजिबात चालत नाही. एसपीसीचा गाभा कडक असतो, त्यामुळे दोन-तीन मिमी रुंदीचा सांधा तो सहज ओलांडतो. पण फरशीत बशीसारखा खोलगट भाग असेल तर पट्टी तिथे अधांतरी राहते, प्रत्येक पावलाला वाकते आणि काही काळाने तिची क्लिकची जीभ तुटते. ही जीभ जेमतेम एक-दोन मिमीची असते. एकदा तुटली की ती पट्टी बदलण्याशिवाय इलाज नाही, आणि पट्टी बदलायची म्हणजे भिंतीपासून तिथपर्यंतच्या ओळी उकलायच्या.

तळमजल्यावर, ओलीची जराही शंका असेल तर आमचा कल स्पष्टपणे एसपीसीकडे आहे. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या स्लॅबवर दोन्ही चालतात.

ओल: यावर सगळं अवलंबून आहे

फरशी दिसायला कोरडी असली म्हणजे ओल नाही असं धरू नका. उघड्या लादीतून वर येणारी वाफ रोज हवेत उडून जाते, म्हणून ती आपल्याला कधी जाणवत नाही. व्हिनाइल टाकलं की तिची वाट बंद होते. मग ओल गोंदाखाली साचते, सिमेंटमधला क्षार सोबत आणते, गोंद मऊ पडतो आणि सांध्यांतून पिवळसर-तपकिरी चिकट द्रव वर यायला लागतो.

तपासणीची सोपी रीत अशी. सुमारे १०० मायक्रॉन जाडीच्या पारदर्शक प्लास्टिकचा १८ इंच बाय १८ इंचाचा तुकडा घ्या. फरशी पुसून कोरडी करा आणि तुकड्याच्या चारही कडा रुंद टेपने हवाबंद चिकटवा. किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवस-रात्र तसाच ठेवा. खोलीत एकच तुकडा लावून भागत नाही. एक बाहेरच्या भिंतीलगत, एक बाथरूमच्या भिंतीलगत आणि एक मधोमध लावा. मोझॅक किंवा शहाबादी असेल तर तुकड्याखाली एक तरी सांधा आला पाहिजे, कारण ओल लादीपेक्षा सांध्यातून जास्त येते.

आता नीट पाहा. थेंब प्लास्टिकच्या खालच्या बाजूला असतील किंवा खालची लादी गडद पडली असेल, तर ओल जमिनीतून किंवा स्लॅबमधून येते आहे. थेंब फक्त वरच्या बाजूला असतील आणि खाली कोरडं असेल, तर तो हवेतला दमटपणा गार फरशीवर जमला आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर फरशीला जो घाम सुटतो, तो हाच. घामाचा इलाज हवा खेळती ठेवणं. ओलीचा इलाज फरशीखाली. हा फरक न ओळखता लोक घामासाठी इपॉक्सीच्या ओलरोधक थरावर खर्च करतात आणि खऱ्या ओलीवर नुसता पंखा लावतात.

एप्रिल-मे महिन्यात केलेली ही चाचणी तळमजल्यासाठी अर्धवट असते. त्या वेळी जमिनीतलं पाणी खाली गेलेलं असतं. सप्टेंबरमध्ये, चार महिन्यांचा पाऊस मुरल्यावर जे दिसतं ते खरं. तेवढं थांबता येत नसेल तर खुणा वाचा: स्कर्टिंगच्या वर भिंतीला लोणा लागलाय का, सांध्यांवर पांढरा खार फुलतो का, कपाटाच्या पायांची लाकडी टोकं काळी पडलीत का, गादी जमिनीवर ठेवली तर सकाळी खालून ओलसर लागते का. यातलं काहीही असेल तर प्लास्टिक कोरडं निघालं तरी फरशी ओली धरूनच पुढचं ठरवा.

मोठ्या कामात, म्हणजे दवाखाना, कार्यालय, दुकान असेल तर काँक्रीटला भोक पाडून आतली सापेक्ष आर्द्रता मोजणारं यंत्र वापरतात. एका बाजूनेच वाळणाऱ्या स्लॅबला जाडीच्या ४० टक्के खोलीवर ते बसवतात. ब्रिटिश मानकात ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असेल तर व्हिनाइल टाकत नाहीत. गोंदाच्या डब्यावर कंपनी स्वतःची मर्यादा देते, तीच अंतिम धरा.

नवा कोबा केला असेल तर घाई नको. चांगल्या हवेत काँक्रीट सुरुवातीच्या ५० मिमीपर्यंत साधारण दिवसाला १ मिमी वाळतं आणि त्यापुढे बरंच सावकाश. म्हणजे ५० मिमी कोब्याला जवळपास दोन महिने. जुलै-ऑगस्टमधले दिवस यात धरूच नका.

ओल निघाली तर आधी तिचा उगम शोधा. वरच्या मजल्यावर ती बहुतेक वेळा बाथरूममधून येते. न्हाणीच्या खोलगट स्लॅबमध्ये पाणी साचतं आणि भिंतीखालून शेजारच्या खोलीच्या फरशीखाली सरकतं. ती गळती बंद झाल्यावर फरशीला वाळायला अवधी द्या, मग प्लास्टिक पुन्हा लावा. तळमजल्यावर जमिनीतूनच वाफ येत असेल तर दोन मार्ग आहेत. चिकटवायचं असेल तर दोन हात इपॉक्सीचा ओलरोधक थर. पहिला हात एका दिशेने आणि दुसरा त्याला आडवा, म्हणजे सुईच्या टोकाएवढी राहिलेली भोकंही बुजतात. एसपीसी टाकायचं असेल तर २०० मायक्रॉनचं पॉलिथिन, जोडाला किमान २० सेंटिमीटर एकावर एक आणि त्यावर टेप, कडा भिंतीला थोड्या वर चढवलेल्या.

पावसात सांध्यांतून पाणीच वर येत असेल, तर यातलं काही टिकत नाही. पाण्याचा दाब इपॉक्सीलाही फोड आणतो. तिथे फरशी उखडून, खाली पॉलिथिन घालून नवं काँक्रीट करणं किंवा घराबाहेरच्या पाण्याला वाट काढून देणं हाच उपाय आहे. नाहीतर उघडी लादीच राहू द्या.

खाली कोणती फरशी आहे?

मोझॅक ही व्हिनाइलसाठी तशी चांगली फरशी. घट्ट, सच्छिद्र आणि बहुधा बरीच सपाट. अडचण मेणाची असते. वर्षानुवर्षं पॉलिश करताना लावलेलं मेण लादीच्या छिद्रांत बसलेलं असतं आणि त्यावर ना प्रायमर धरतो ना गोंद. पाण्याचे दोन-तीन थेंब टाका. मिनिटाभरात शोषले गेले तर लादी पाणी पिते आहे. थेंब तसेच गोल उभे राहिले तर वर मेण आहे, तेल आहे किंवा लादीच शोषणारी नाही. साबणाने हे मेण निघत नाही. डायमंड कप लावलेल्या ग्राइंडरने, सोबत व्हॅक्यूम लावून, वरचा थर खरवडून काढावा लागतो. मोझॅक पॉलिशवाल्याच्या मशीनवर सर्वांत जाड दगड लावूनही होतं, पण त्यात पाणी वापरतात. घासून निघालेला तो गाळ पूर्ण धुऊन काढा आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. लादी घासताना सिलिकाची धूळ उडते. एन-९५ मास्क लावल्याशिवाय या कामाला कुणीही हात घालू नये, मदतीला उभ्या असलेल्या माणसानेही नाही.

शहाबादीशी मात्र जपून. दगड थराथराचा, जाडी कमी-जास्त, सांधे रुंद, आणि जुन्या घरांत तो थेट मुरमावर बसवलेला असतो. पावसाळ्यात ओल येणारी फरशी म्हणजे बहुतेक हीच. दगडाचे पापुद्रे सुटलेले असतील तर छिन्नीने घट्ट थर लागेपर्यंत काढा. सुटत्या पापुद्र्यावर ओतलेलं लेव्हलिंग, म्हणजे फरशी सपाट करणारा सिमेंटचा पातळ माल, पापुद्र्यासकट वर येतं. सांध्यांतला जुना चुना किंवा माती १० मिमीपर्यंत खोदून, ब्रशने साफ करून, पॉलिमर घातलेल्या सिमेंट-वाळूने ते सांधे भरून घ्या. दोन दगडांत ५ मिमीहून जास्त उंची-खोली असेल, तर घासण्यापेक्षा तो दगड काढून नव्याने बसवणं स्वस्त पडतं.

कोटा आणि विट्रिफाइड या फरश्या गुळगुळीत असतात. कोट्यावर मेण-पॉलिश असतं, विट्रिफाइड पाणी जवळपास शोषतच नाही. आधी धुण्याचा सोडा आणि गरम पाण्याने तेलकटपणा काढा, स्वयंपाकघरात दोनदा, मग साध्या पाण्याने दोनदा धुवा. ४० ते ६० नंबरच्या डिस्कने चकाकी मारा आणि त्यावर वाळूमिश्रित खरबरीत प्रायमर लावा, जो शोषण नसलेल्या पृष्ठभागासाठीच बनतो. साधा पातळ प्रायमर विट्रिफाइडवर कातडीसारखा सोलून निघतो. बाटलीतलं अॅसिड फरशीवर ओतायचा मोह टाळा. ते सांध्यांतलं सिमेंट खातं आणि मागे क्षार सोडतं.

सिमेंटच्या कोब्याची ताकद खिळ्याने तपासा. ५ मिमी अंतरावर आडव्या-उभ्या रेषा ओढा. रेषेची कड स्वच्छ राहिली तर कोबा ठीक. पीठ निघालं, चौकोनाचे तुकडे उडाले तर वरचा कच्चा थर घासून काढा. कोबा करताना वरून कोरडं सिमेंट भुरभुरून थापी मारलेली असते, तिथे वरचा पातळ पापुद्रा हमखास सुटतो.

कोकण-गोव्यातल्या जुन्या घरांत लाल ऑक्साइडचा कोबा असतो. त्याला वर्षानुवर्षं तेल-मेण मुरलेलं असतं आणि व्हिनाइलसाठी ते सगळं घासून काढावं लागतं. शक्य असेल तर तो झाकू नकाच. तो पुन्हा घासून-पॉलिश करून पुढची कित्येक वर्षं चालतो, आणि तसा कोबा घालणारे हात आता कमी राहिलेत.

जुन्या वाड्यांत, चाळींत वरच्या मजल्याला लाकडी तक्ते असतात. लवणारा तक्ता आधी तुळईला स्क्रूने घट्ट करा, कुजलेला बदला. त्यावर किमान ६ मिमीचा, आयएस ७१० (भारतीय मानक) छापाचा मरीन प्लाय टाका. कडेला १० सेंटिमीटरवर आणि मध्ये १५ सेंटिमीटरवर स्क्रू, डोकी प्लायमध्ये किंचित बुडवलेली, आणि शीटचे जोड विटांच्या बांधणीसारखे एकाआड एक सरकवलेले. तक्त्यांवर मुरूम-माती आणि तिच्यावर शहाबादी असेल, तर नव्या लेव्हलिंगचं वजन ते लाकूड पेलेल का, हे आधी जाणत्या इंजिनिअरला विचारा.

जुन्या व्हिनाइलवर नवं टाकू नका, विशेषतः खाली फोमचा थर असलेल्यावर. ते काढा, गोंद पट्टी-खरवणीने काढा, थिनरने नाही. थिनरने विरघळलेला गोंद सिमेंटमध्ये मुरतो आणि पुढे नव्या व्हिनाइलवर डाग बनून वर येतो. एक इशारा: जुन्या कार्यालयांतल्या, सरकारी इमारतींतल्या कडक, ठिसूळ चौकोनी टाइल अॅस्बेस्टॉसच्या असू शकतात. भारतात पीव्हीसी-अॅस्बेस्टॉस टाइलला स्वतंत्र मानकच होतं, आयएस ३४६१. अमेरिकेत १९८० पूर्वीच्या घरात राहणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं, तिथे टाइलखालच्या काळ्या डांबरी गोंदातही अॅस्बेस्टॉस सापडतो. शंका असेल तर घासू नका, फोडू नका. आधी प्रयोगशाळेत तुकडा तपासून घ्या.

टकटक आणि पट्टी

ओल आणि फरशीचा प्रकार कळला की रिकाम्या खोलीत लाकडी मुठीने एकेक लादी ठोका. घट्ट लादी टणक आवाज देते, पोकळ लादी बद्द. बद्द आवाजाच्या लादीवर पेन्सिलने फुली मारा. पेन्सिलनेच. मार्कर किंवा बॉलपेनची शाई व्हिनाइलमधून हळूहळू वर येते आणि वर्षभराने फुली जशीच्या तशी दिसते. ऑइलपेंटचे थेंब आणि डांबराचे डागही असेच वर येतात, तेही खरवडून काढा.

मग सपाटी. २ मीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप, गवंडी प्लास्टरला वापरतात तो, फरशीवर आडवा, उभा आणि तिरका फिरवा. आधी त्याच्यावर डोळा लावून तो स्वतः सरळ आहे का पाहा. पाइपाखाली ३ मिमीहून जास्त फट असेल तिथे भरायचं, आणि पाइप जिथे डुलतो तिथे घासायचं. फूटपट्टी हाताशी नसेल तर एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, साधारण तेवढीच जाडी होते. शेजारच्या दोन लाद्यांच्या कडांत १ मिमीहून जास्त उंची-खोली असेल, तर उंच कड ग्राइंडरने उतरवा.

रात्री दिवे बंद करून टॉर्च फरशीवर आडवा ठेवा. पाइपाला न सापडलेले फुगवटे त्यांच्या लांब सावल्यांनी दिसतात. गोंदाने चिकटवायचं असेल तर ही तपासणी सोडू नका.

एक गोष्ट ध्यानात घ्या: फरशी पाणसळीत असण्याची गरज नाही, ती सपाट असली पाहिजे. आपल्याकडे फरशीला न्हाणीकडे किंवा गॅलरीकडे मुद्दाम उतार दिलेला असतो. तो मारायला गेलात तर एका टोकाला ३०-४० मिमी भर पडेल, वजन वाढेल, दार अडेल. उतार एकसारखा असेल तर त्याच्यावर व्हिनाइल उत्तम बसतं.

पोकळ लाद्या, भेगा, सांधे

बद्द आवाजाची लादी हलत असेल, कोपरा दाबल्यावर डुलत असेल, तर काढलीच पाहिजे. भोवतीचे सांधे कटरने कापून घ्या, म्हणजे शेजारची लादी सुटत नाही. मोकळा माल उकरा. तो खड्डा सगळा सिमेंटने भरला तर वाळायला आठवडे लागतात. त्यापेक्षा तळाला पातळ थर देऊन, तितक्याच जाडीची कुठलीही जुनी लादी टाइल अॅडेसिव्हमध्ये बसवा. रंगाचा प्रश्न नाही, वर व्हिनाइलच येणार आहे. दुसऱ्या दिवशी पुढचं काम सुरू करता येतं आणि खाली पाणीही कमी अडकतं. खोलीतल्या निम्म्याअधिक लाद्या बद्द वाजत असतील, तर एकेक बदलण्यात अर्थ नाही. सगळी फरशी काढायचा विचार करा.

केसाएवढी, वर्षानुवर्षं तशीच असलेली भेग नुसती भरून चालते. त्याहून रुंद असेल तर कटरने ५-६ मिमी रुंद उघडा, धूळ ओढून घ्या, इपॉक्सीत कोरडी बारीक वाळू कालवून भरा. इमारतीच्या दोन भागांमधला मुद्दाम सोडलेला सांधा मात्र भरू नका आणि त्याच्यावरून व्हिनाइलही नेऊ नका. तिथे धातूची पट्टी लावून व्हिनाइल दोन्हीकडे तोडा.

आणि भिंतीची पुट्टी फरशीत भरू नका. पांढरं सिमेंट, पीओपी, पुट्टी यांनी लादीचे सांधे भरून देणारे कारागीर जागोजागी भेटतात. दिसायला काम स्वच्छ दिसतं, पण पुट्टी भिंतीसाठी बनलेली असते. पायांच्या आणि खुर्च्यांच्या भाराखाली ती भुगा होते आणि ओलीत मऊ पडते. सांध्यातून भुगा सुटला की गोंद त्या भुग्याला चिकटलेला राहतो, फरशीला नाही. भरायचं ते फरशीसाठीचं, सिमेंटचं, पॉलिमर असलेलं पॅचिंग कंपाउंडच. स्टीलच्या थापीने दोन हात द्या. पहिला हात सांध्यात आकसून किंचित खाली बसतो, दुसऱ्याने तो बरोबर होतो.

एसपीसी टाकायचं आणि फरशी एरवी सपाट असेल, तर एवढ्यावर तयारी संपते. गोंदाने चिकटवायचं असेल तर सबंध खोलीला लेव्हलिंग द्यावंच, असं आमचं ठाम मत आहे.

सेल्फ-लेव्हलिंग ओतताना

आधी हिशेब. १ चौरस मीटरला १ मिमी जाडीला साधारण १.६ ते १.७ किलो कोरडी पावडर लागते. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे ११.१५ चौरस मीटर. सरासरी ३ मिमी थर धरला तर ५७ किलो, त्यात सांधे-खड्डे आणि वाया जाण्याचे १० टक्के मिळवून सुमारे ६३ किलो. म्हणजे २५ किलोच्या ३ किंवा २० किलोच्या ४ गोण्या. ओतणं चालू असताना माल संपला तर मधोमध कड राहते आणि ती पुढे उमटते, म्हणून एक गोणी जास्त असलेली बरी. एवढ्या खोलीला प्रायमर एक-दीड लिटर पुरतो. तो किती पाण्यात पातळ करायचा ते डब्यावर पाहा.

प्रायमर ब्रशने किंवा रोलरने घासून लावा, कुठे थारोळं राहू देऊ नका. मोझॅक, कोबा फार पीत असेल तर दुसरा हात. प्रायमर नसेल तर कोरडी लादी लेव्हलिंगमधलं पाणी ओढून घेते, आतली हवा वर येते आणि पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात. इपॉक्सीचा ओलरोधक दिला असेल तर त्याचा दुसरा हात ओला असतानाच त्यावर बारीक, कोरडी, धुतलेली क्वार्ट्झ वाळू भरपूर शिंपडा. दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झाडून-ओढून काढा. उरलेल्या खरबरीत थराला लेव्हलिंग घट्ट धरतं. नुसत्या गुळगुळीत इपॉक्सीवर ते धरत नाही.

ओतण्याआधी भिंतीच्या कडेला फोमची पट्टी, दाराला लाकडी पट्टी आणि पाइपांभोवतीची भोकं पक्की बुजवलेली. जुन्या इमारतीत केबलचं विसरलेलं भोक राहिलं तर माल खालच्या घराच्या छतातून टपकतो.

माणसं किमान तीन: एक कालवायला, एक ओतायला, एक पसरवायला. २० किलोच्या गोणीला साधारण ४ ते ५ लिटर पाणी लागतं. नेमका आकडा गोणीवर असतो, आणि पाणी मापूनच घ्या. बादलीत आधी पाणी, मग पावडर, ड्रिलला पॅडल लावून सावकाश गतीने दोन-तीन मिनिटं. माल नीट वाहावा म्हणून अर्धा लिटर पाणी जास्त घालायची सवय कारागिरांना असते, तिथे उभं राहून थांबवा. जादा पाण्याने जड कण खाली बसतात, वर पांढरट कमजोर साय येते. वाळल्यावर ती नखाने निघते आणि व्हिनाइल तिच्यासकट उचकटतं.

लांबच्या भिंतीपासून दाराकडे येत ओता. माल साधारण २० मिनिटं वाहता राहतो. पुढची बादली आधीची ओली असतानाच तिच्या कडेला ओतायची, म्हणजे जोड दिसत नाही. दातेरी पट्टीने पसरवा आणि काटेरी रोलर फिरवून हवा काढा. रोलर दहा मिनिटांनंतर फिरवू नका, तोवर माल धरायला लागतो आणि काट्यांचे ठसे राहतात. पंखा बंद, एसी बंद, खिडकीला पडदा. वरून वारा किंवा ऊन लागलं तर पृष्ठभाग आधी सुकतो आणि जाळीदार भेगा पडतात. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात हे काम पहाटेच उरका, आणि पाणी माठातलं किंवा सावलीत ठेवलेलं घ्या. गच्चीवरच्या टाकीतल्या तापलेल्या पाण्याने माल बादलीतच घट्ट होतो.

तीन-चार तासांत त्यावर चालता येतं. व्हिनाइलसाठी पातळ थराला किमान एक दिवस द्या, जाड थराला गोणीवर असेल तेवढा. पावसाळी हवेत याच्या दुप्पट धरा. रंग सगळीकडे एकसारखा फिका झाला का पाहा, गडद ठिपका म्हणजे तिथे अजून पाणी आहे. मग पाइप आणि टॉर्च पुन्हा फिरवा. बारीक कणी राहिल्या असतील तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

व्हिनाइल आणण्याआधी

दारं तपासा. ३ मिमी लेव्हलिंग आणि खालच्या फोमसकट ६ मिमी एसपीसी म्हणजे फरशी ९ मिमी वर येते. दाराखाली त्याहून दोन-तीन मिमी जास्त फट हवी, नाहीतर दार काढून खालून रंधावं लागेल. चौकटीचा पाय कापून पट्टी आत सरकवली की कोपरा स्वच्छ दिसतो. दगडी उंबरा असेल तर त्याच्या कडेला फट सोडून वर पट्टी मारा. गॅलरीच्या दारात नवी फरशी उंबऱ्यापेक्षा खालीच राहिली पाहिजे, नाहीतर पावसाचं पाणी थेट व्हिनाइलखाली शिरेल.

तळमजल्यावर वाळवीच्या नळ्या दिसल्या असतील तर तिचा बंदोबस्त आत्ताच करून घ्या. भिंत आणि फरशीच्या सांध्यात सुमारे ३० सेंटिमीटरवर १२ मिमीची भोकं पाडून औषध सोडतात. ते परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याचं काम आहे, आणि व्हिनाइल टाकल्यावर तिथे भोकं पाडता येत नाहीत. वाळवी व्हिनाइल खाणार नाही, पण त्याच्या कडेची लाकडी बीडिंग आणि खालचा प्लाय खाईल.

व्हिनाइलचे खोके ४८ तास त्याच खोलीत आडवे ठेवा, भिंतीला उभे टेकवून नाही. गोंद लावण्याच्या अर्धा तास आधी पुन्हा व्हॅक्यूम करा. झाडूने धूळ फक्त जागा बदलते. मग अनवाणी चालून तळव्याने फरशी चाचपा. वाळूचा बारीक कण डोळ्यातून सुटतो, पण तळव्याला टोचतो. २ मिमी व्हिनाइलखाली तो राहिला तर वर बारीक फोड येतो, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय नेमका तिथे घासतो आणि तेवढ्या जागेची छपाई आधी झिजून पांढरी पडते. रबर सोल्युशनचा गोंद वापरणार असाल तर खिडक्या उघडा, गॅस आणि देवघरातला दिवा बंद करा, त्याची वाफ पेट घेते. एसपीसी असेल तर भिंतीपासून सगळीकडे ८ ते १० मिमी फट सोडा. ती फट बीडिंगने झाका, आणि बीडिंग भिंतीला ठोका, व्हिनाइलला नाही.